इंजिनातले ऑइल वाढले तर आनंद मानू नका

मागच्या खरिपाच्या तोंडावर आमच्या भागातले एक तात्या पारावर कौतुकाने सांगत होते, "साहेब, यंदा आपला ट्रॅक्टर ऑइल खातच नाही. पट्टी काढून बघावी तर ऑइल उलट वरच!" बसलेले सगळे हसले, मीही हसलो. "तात्या, त्या पट्टीचा वास घेऊन बघा," एवढे एक वाक्य तेव्हा सुचायला हवे होते. ते सुचले नाही. त्यानंतर रोटाव्हेटरची आठ-दहा दिवस कामे झाली आणि ऐन वाफशावर इंजिन जाम झाले. खोलले तर बेअरिंगे उडालेली, क्रँक खरवडलेला. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने, तीही उशिराने झाली. या सगळ्याचे मूळ होते तळहातावर मावेल एवढ्या फीड पंपातला फाटलेला पडदा.

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना आणि काही डिझेल गाड्यांना इंजिनाच्या अंगाला हा छोटा पंप बसवलेला असतो. टाकीतले डिझेल ओढून फिल्टरमार्गे मुख्य पंपाकडे ढकलायचे, एवढेच त्याचे काम. त्याचा वाकडा दांडा इंजिनाच्या आत कॅमवर टेकलेला असतो. कॅम फिरला की दांडा हलतो, दांड्याबरोबर रबरी पडदा वर-खाली होतो. पडद्याच्या एका बाजूला डिझेल आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाचे पोट. पडदा फाटला की डिझेल सरळ चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी वाढते खरी, पण ऑइल पाण्यासारखे पातळ होते आणि त्याचा चिकटपणा जातो. गाडी मात्र बरेच दिवस चालत राहते, म्हणून कोणाला शंका येत नाही.

तेव्हा रोज सकाळी गाडी सपाट जागी उभी असताना पट्टी बघावी. पातळी वाढली असेल, बोटावर घेतलेले ऑइल पातळ लागत असेल किंवा डिझेलचा वास येत असेल तर त्या दिवशी इंजिन चालू करू नये. "एवढे दोन तास तेवढे मारून घेतो" असे म्हणून चालू केलेली इंजिने मी बघितली आहेत.

आता उलट बाजूही सांगतो. ट्रॅक्टर बंद पडला की दर वेळी पंपच गेलेला असतो असे मुळीच नाही. एका शेतकरी बंधूने तालुक्याच्या दुकानातून नवा पंप आणला, बसवला, तरी गाडी दहा मिनिटे चालून बंद. दुकानदार म्हणाला, पंप डुप्लिकेट असेल, दुसरा न्या. दुसराही बसवला, तरी तेच. शेवटी टाकीचे झाकण उघडले तर फुस्स आवाज आला. झाकणाचे हवेचे बारीक भोक चिखलाने बुजले होते. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून डिझेल उतरत नव्हते. काडी घालून भोक मोकळे केले आणि काम झाले. दोन पंपांचे पैसे गेले ते गेलेच.

म्हणून आधी टाकीपासून सुरुवात करावी. झाकण ढिले करून बघावे. मग कॉक उघडा ठेवून पंपाकडे येणारी नळी सोडवावी. टाकी उंचावर असल्याने डिझेल आपोआप धारेने यायला हवे. थेंबथेंब आले तर कॉक, टाकीतली जाळी किंवा नळी चोंदलेली आहे. रबरी नळीला तडा असेल तर तिथून हवा ओढली जाते. फिल्टरच्या तळाशी पाणी साचले असेल तर तेही सोडून द्यावे. एवढे ठीक निघाले तरच पंपाची बाहेर जाणारी नळी सोडवून हाताचा लिव्हर मारून बघावा. प्रत्येक हिसक्याला डिझेलची चांगली पिचकारी उडाली पाहिजे.

इथे एक गंमत आहे. पुष्कळ वेळा लिव्हर अगदी ढिला लागतो आणि पंप गेला असे वाटते. वास्तविक इंजिन ज्या जागी थांबले तिथे कॅमने आतला दांडा आधीच दाबून धरलेला असतो, म्हणून लिव्हरला चालच उरत नाही. स्टार्टर क्षणभर मारून इंजिन थोडे फिरवावे आणि पुन्हा बघावे. आम्हाला कृषी पदविकेला यंत्रांचा विषय होता, पण ही गोष्ट मला एका गॅरेजवाल्या चाचांनी शिकवली.

पंप खरोखरच गेला असेल तर तो घरी बदलता येतो. दोन पाने आणि निगुतीने काम करणारा माणूस पुरेसा आहे. सगळ्यात महत्त्वाची स्वच्छता. इंजिन गार झाल्यावर कॉक बंद करावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि पंपाभोवतीची माती ब्रशने व डिझेलने धुऊन काढावी. धूळ आत गेली तर मुख्य पंप आणि नोझल यांची वाट लागते, आणि तो खर्च फीड पंपाच्या कितीतरी पट आहे. नळ्या सोडवल्यावर तोंडाला स्वच्छ प्लास्टिक बांधावे. कापसाचा बोळा कोंबू नये, त्याचे तंतू आत जातात.

नट काढून पंप बाहेर घ्यावा. भोकात लगेच स्वच्छ फडके घालावे आणि मगच जुने पॅकिंग खरवडावे, म्हणजे तुकडे इंजिनात पडणार नाहीत. (फडके नंतर काढायला विसरू नये. हसू नका, असे झालेले आहे.) नवा पंप जुन्याशेजारी ठेवून दांड्याची लांबी, त्याचा बाक आणि नळ्यांची तोंडे जुळतात का ते पाहावे. पॅकिंग नवे घालावे, पण जुन्याइतक्याच जाडीचे.

बसवताना दांडा कॅमवर नीट टेकला पाहिजे. पंप हाताने दाबला की जवळजवळ बसायला हवा. तो बोटभर बाहेर राहत असेल तर कॅम वर आलेला आहे. इंजिन थोडे फिरवून घ्यावे. इथे घाई होते. पंप बसत नाही म्हणून लोक नट आवळून आवळून त्याला आत ओढतात, आणि मग दांडा मोडतो नाही तर पंपाचा कान तुटतो. नट आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. नळ्यांचे नट आधी हाताने आट्यात धरवावेत, पान्याने सुरुवात करू नये. तांब्याचे वायसर नवे टाकावेत. जुन्या वायसरमधून हवा धरते आणि मग माणूस दिवसभर हवाच काढत बसतो.

हवा काढण्याचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे. कॉक उघडून पहिल्या फिल्टरचा हवेचा स्क्रू ढिला करावा आणि बुडबुडे थांबून निर्भेळ डिझेल येईपर्यंत लिव्हर मारावा. डिझेल येत असतानाच स्क्रू आवळावा. मग दुसरा फिल्टर, मग मुख्य पंपावरचा स्क्रू. तरीही चालू झाले नाही तर बॅटरी जोडून, नोझलच्या दोन नळ्यांचे नट थोडे ढिले करून स्टार्टर मारावा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये विश्रांती द्यावी. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये, तो कातडीत घुसतो. अशी जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तातडीने दवाखाना गाठावा.

पडदा फाटूनच पंप गेला असेल तर इंजिन चालू करण्याआधी ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलावेत. "ऑइल दोन महिन्यांपूर्वीच टाकलंय" हा हिशोब इथे चालत नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी. नळीतून डिझेल येईना की लोक तोंडाने ओढतात. ते घशातून फुप्फुसात उतरले तर जिवावर बेतते. कोणी गिळले तर उलटी करायला लावू नये, उलटीबरोबर ते पुन्हा फुप्फुसात जाऊ शकते. थेट दवाखान्यात न्यावे.

काही ट्रॅक्टरांचा फीड पंप मुख्य पंपाच्याच अंगाला असतो आणि त्याला हाताने मारायची मूठ असते. तोही बदलता येतो. हवा काढून झाल्यावर मूठ दाबून पुन्हा घट्ट फिरवून ठेवावी. मुख्य पंप मात्र कोणी घरी खोलू नये. त्याला बेंचवर लावून तपासावे लागते. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. अशा नव्या इंजिनांत कॉमन रेल असेल तर नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असतो. त्यांना वर सांगितलेली नट ढिले करण्याची पद्धत अजिबात लावू नये.

पेट्रोल गाडीबद्दलही लोक विचारतात. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांचा पंप इंजिनावरच असे. इंजेक्शनच्या गाड्यांत तो विजेवर चालतो आणि टाकीच्या आत असतो, नळीत साधारण तीन बार दाब राहतो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीने पेटते. गोठ्याच्या शेजारी, कडब्याच्या गंजीजवळ ही टाकी उघडायची म्हणजे घर पणाला लावायचे. त्यात फ्यूज आणि रिले तपासण्यापुरतेच आपण हात घालावेत, बाकी काम गॅरेजवर द्यावे.

ग्रामपंचायतीच्या आणि गटांच्या अवजारे बँकेच्या ट्रॅक्टरांचे वेगळेच दुखणे आहे. चालवणारे चार, बघणारा कोणी नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना विनंती, की लॉगबुकात तासांच्या रकान्याशेजारी ऑइल पट्टीचा एक रकाना आखावा आणि चालकाने सकाळी पातळी लिहून सही करावी. पातळी चढती दिसली की त्याच दिवशी गाडी थांबवता येते.

नवा पंप बसवल्यावर तासाभराने सगळे नट पुन्हा तपासावेत आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बघावी. जुना पंप भंगारात टाकू नये. बऱ्याच पंपांचे पडद्याचे किट मिळते. ते घालून पंप प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला तर पुढच्या पेरणीला तालुक्याची फेरी वाचते.