कांद्याची चाळ, वारा आणि संगणकाचा हिशेब

रब्बी कांदा चाळीत भरला म्हणजे शेतकऱ्याची काळजी संपली असे होत नाही. कांदा सजीव आहे. साठवणीतही त्याचे श्वसन चालूच राहते व त्यातून उष्णता आणि बाष्प बाहेर पडते. वाऱ्याने ती वाहून नेली नाहीत, तर ढीग तापतो, दमट होतो व सड सुरू होते. पुढे चांगला भाव येईल या आशेने राखलेला माल ढिगाच्या पोटातच नासतो.

वारा डोळ्यांना दिसत नाही. मग तो कोठवर पोचतो हे ओळखावे कसे? शास्त्रज्ञ हे कोडे संगणकाच्या साहाय्याने सोडवितात. खोलीतील किंवा चाळीतील पोकळीचे लाखो लहान कप्पे कल्पिले जातात. प्रत्येक कप्प्यात हवा किती आली व किती गेली, तिने किती वेग व उष्णता आणली, याचा जमाखर्च मांडतात. शेजारच्या कप्प्यांचे हिशेब परस्परांशी जुळेपर्यंत गणित पुनःपुन्हा केले जाते. अखेरीस वारा कोठे खेळतो व कोठे कोंडतो याचे चित्र हाती येते. डेन्मार्कमध्ये पीटर नील्सन यांनी १९७४ साली खोलीतील हवेचे असे गणित मांडून ते प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहिले होते. ही पडताळणी आवश्यकच होय. कारण वाऱ्याची दिशा वा फटींचे माप चुकीचे घातले, तर उत्तरही चुकीचेच येते.

या साऱ्याचे सार असे की, हवा नेहमी सोपी वाट धरते. ढीग जितका रुंद, तितका अडथळा अधिक. मग वारा आत न शिरता वरून निघून जातो. म्हणूनच चाळीची रुंदी ४ फूट व ढिगाची उंची ५ फुटांपर्यंतच ठेवावी. तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच व खालून मोकळा असावा. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी, म्हणजे पश्चिमेचा वारा तिच्या लांब बाजूवर आडवा लागतो.

शेतकरी बंधूंनी एक सोपी परीक्षा जरूर करावी. मंद वारा असताना पेटलेली उदबत्ती चाळीच्या वाऱ्याआडच्या बाजूस, फटींजवळ धरावी. मात्र पाचट व वाळलेल्या पातीपासून ती दूर ठेवावी. धूर बाहेरच्या बाजूस ढकलला गेला, तर ढिगातून वारा वाहत आहे. तो सरळ वर चढला, तर तेथील कांदा प्रथम तपासावा व आधी विकावा.