घराला पेलेल तोच गृहोद्योग

महागाईच्या या दिवसांत एका पगारावर संसाराचा गाडा ओढणे अनेक कुटुंबांना अवघड होऊ लागले आहे. साहजिकच घरबसल्या काही उद्योग करावा, चार पैसे हाती यावेत, असा विचार घरोघरी सुरू असतो. असा विचार घेऊन बँकेच्या शाखेत येणाऱ्या ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: 'सध्या कोणत्या धंद्यात फायदा जास्त आहे?' प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु तो पुरेसा नाही. शेजारच्या घरात भरभराटीला आलेला उद्योग आपल्या घरात वर्षभरातच बंद पडतो, असा अनुभव अनेकांना येतो. गृहोद्योगाची निवड करताना प्रथम बाजाराकडे नव्हे, तर आपल्या घराकडे पाहावयाचे असते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

दोन घरे, एकच उद्योग

जबलपूरच्या उत्तर भागातील अधारतालचेच उदाहरण घेऊ. राणी दुर्गावतीचे मंत्री आधारसिंह यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलावावरून या वस्तीला हे नाव मिळाले. १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय येथेच आहे. जवळच्या गोहलपूर भागात तयार कपड्यांचा मोठा व्यवसाय चालतो, आणि जबलपूरचे सलवार-सूट दूरवरच्या बाजारपेठांत जातात. अर्थात, अधारतालमधील गृहिणीपुढे निदान तीन वाटा सहज उभ्या राहतात: अळंबीची लागवड, शिवणकाम आणि खाद्यपदार्थ.

आता अशी कल्पना करू की, येथील दोन कुटुंबांनी धिंगरी अळंबीची लागवड करावयाचे ठरविले. पहिल्या घरात तळमजल्यावर मागील बाजूस एक थंड, रिकामी खोली आहे आणि घरात एक सेवानिवृत्त व्यक्ती दिवसभर असते. दुसरे घर वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचे, पत्र्याच्या छपराखालचे; तेथे एक लहान मूल असून आजोबांना दम्याचा विकार आहे. धिंगरी अळंबीला साधारणपणे २० ते ३० अंश तापमान आणि भरपूर आर्द्रता लागते. निर्जंतुक केलेल्या पेंढ्याच्या पिशव्यांत बियाणे भरल्यानंतर साधारण तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी मिळते. परंतु तोपर्यंत खोलीत वेळच्या वेळी पाणी फवारावे लागते. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पत्र्याखाली हे पीक टिकणे दुरापास्त. शिवाय अळंबीचे सूक्ष्म बीजाणू हवेत पसरतात आणि दमेकरी माणसाला ते बाधतात.

प्रशिक्षण तेच, बियाणे तेच, बाजारही तोच. तरी पहिल्या घराला हा उद्योग मानवेल आणि दुसऱ्याला मानवणार नाही. दुसऱ्या घरातील माणसे कष्टात कमी पडली असे म्हणता येणार नाही. उणीव राहिली ती निवडीत. त्याच घरात खिडकीजवळ शिवणयंत्र ठेवले असते, तर मूल झोपलेले असताना तास-दोन तासांचे काम सहज झाले असते.

लिज्जतने घालून दिलेला धडा

घर पाहून काम ठरविण्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी तयार झाली ती केवळ चार पाकिटे. पुढे या संस्थेच्या शाखा अनेक राज्यांत निघाल्या. जबलपूर येथेही तिची शाखा आहे. संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

या यशोगाथेत दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट ऋतूची. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी या भगिनींनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा, या साध्या युक्तीने पावसाळ्यातही उत्पादन सुरू राहिले. दुसरी गोष्ट जागेची. मळलेले पीठ घरी नेऊन पापड लाटणाऱ्या भगिनीच्या घरी ते वाळविण्यास स्वच्छ जागा आहे की नाही, याला या संस्थेत महत्त्व दिले जाते. जागा नसेल तर त्या भगिनीला नकार मिळत नाही. पीठ मळणे किंवा पाकिटे भरणे असे दुसरे काम तिला घेता येते. म्हणजेच, माणूस तोच ठेवून काम बदलण्याची सोय तेथे आहे. स्वतंत्रपणे उद्योग करणाऱ्याने ही पारख स्वतःच करावयास हवी.

चार कसोट्या

पहिली कसोटी वेळेची. दिवसातील एकूण मोकळा वेळ किती, यापेक्षा सलग वेळ किती, हे महत्त्वाचे. शिवण मध्येच थांबविता येते. उकळत्या तेलातील चकली थांबत नाही. ज्या घरात लहान मुले किंवा आजारी माणसे आहेत, तेथे तुकड्या-तुकड्यांनी करता येणारे काम निवडावे.

दुसरी कसोटी जागेची. माल ठेवण्यास कोरडी जागा, पुरेसा उजेड, पाणी, सांडपाण्याची सोय आणि शेजाऱ्यांची सहनशीलता हे सर्व यात येते. यंत्राचा आवाज आणि मसाल्याचा खाट भिंतीपलीकडेही जातो. घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती घ्यावी. घरगुती वीजजोडणीवर व्यवसाय चालतो का, याची वीज कंपनीकडे आधीच चौकशी करावी.

तिसरी कसोटी कौशल्याची. हाताला सवय असलेल्या कामात चुकांचा खर्च कमी येतो. नवीन कौशल्य शिकावयाचे असेल, तर प्रशिक्षण आधी आणि यंत्रखरेदी नंतर, हाच क्रम ठेवावा. ग्रामीण भागातील तरुणांसाठी बँकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये निःशुल्क प्रशिक्षण मिळते.

चौथी कसोटी ग्राहकाची. ताजी अळंबी फार काळ टिकत नाही. विक्री झाली नाही तर ती वाळवावी लागते, आणि साधारण दहा किलो ताज्या अळंबीची वाळून जेमतेम एक किलो होते. तेव्हा पहिली पिशवी भरण्यापूर्वीच निदान पाच कायम ग्राहक हाताशी हवेत. जबलपुरातील मराठी घरांना दिवाळीचा फराळ हवा असतो हे खरे. परंतु दिवाळी वर्षातून एकदाच येते. उरलेले अकरा महिने काय विकावयाचे, याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे.

हिशेब कागदावर मांडावा

एक काल्पनिक हिशेब पाहू. चकलीचा किलोमागे साहित्य, इंधन व वेष्टनाचा खर्च २०० रुपये आहे. दुकानदार ती २८० रुपयांनी घेतो; घरी येणारा ग्राहक ३२० रुपये देतो. एका किलोला दोन तास लागतात. दुकानाला विकल्यास तासाला ४० रुपये पडतात, थेट विकल्यास ६०. आठवड्याला दहा किलो दुकानात दिल्यास शिल्लक ८०० रुपये, म्हणजे चार आठवड्यांत ३,२०० रुपये राहतात.

तथापि, दुकानदार महिन्याच्या उधारीवर माल घेत असेल, तर पहिले २,८०० रुपये हाती येईपर्यंत सुमारे पाच आठवड्यांचा खर्च, म्हणजे १०,००० रुपये, घरातून गेलेला असतो. हे खेळते भांडवल होय, आणि अनेक गृहोद्योग नफा असूनही त्याच्या अभावी बंद पडतात. यातच ५०,००० रुपयांचे यंत्र तीन वर्षांच्या कर्जावर घेतले आणि व्याजाचा दर १२ टक्के धरला, तर मासिक हप्ता सुमारे १,६६० रुपये येतो. म्हणजे महिन्याच्या कमाईचा निम्म्याहून अधिक भाग हप्त्यात जातो. यंत्राने उत्पादन आणि विक्री दोन्ही वाढणार असतील तरच असे कर्ज योग्य ठरते.

कर्ज आणि नोंदणी

उद्योगाची निवड पक्की झाल्यावर अर्थसाहाय्याचे मार्ग खुले आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज तारणाविना मिळू शकते. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामासह अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून, प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने दिले जाते. मात्र सरकारी सेवेतील व्यक्ती व तिचे कुटुंबीय या योजनेस पात्र नसतात; जबलपूरसारख्या नोकरदारांच्या शहरात ही अट आधीच ध्यानात घ्यावी.

२०२० पासून उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य करता येते. त्यासाठी कोणालाही पैसे देण्याचे कारण नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने, उत्पादन घरगुती असले तरी, अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. व्यवसायाचे व्यवहार घरखर्चापासून वेगळ्या खात्यात ठेवावेत. सहा महिन्यांची नियमित जमा-नावे दाखविणारे पासबुक हेच पुढील कर्जासाठी उत्तम शिफारसपत्र ठरते.

आधी महिनाभर प्रयोग

कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी निवडलेला उद्योग एक महिना लहान प्रमाणात करून पाहावा. शिवणयंत्र भाड्याने किंवा उसने आणावे, अळंबीच्या दहाच पिशव्या लावाव्यात, फराळ दोनच किलो करावा. रोज रात्री तीन आकडे वहीत लिहावेत: किती तास गेले, किती खर्च झाला आणि किती पैसे प्रत्यक्ष हाती आले. घरातील इतरांची झोप, जेवण आणि मुलांचा अभ्यास यांवर काय परिणाम झाला, याचीही मोकळेपणाने चर्चा करावी. महिनाअखेर उत्तर नकारार्थी आले, तर गेले ते काही शे रुपये. वाचली ती आयुष्याची पुंजी. आणि उत्तर होकारार्थी आले, तर ती वही घेऊन निःशंकपणे बँकेच्या शाखेत यावे. अशा वहीसह आलेल्या ग्राहकाचा अर्ज समजून घेणे अधिकाऱ्यालाही सोपे जाते, आणि हप्ता कोठून येणार हे दोघांनाही आधीच ठाऊक असते.