एटापल्लीच्या मुलांना इंग्रजी वाक्य उलटं का वाटतं?

आपल्या एटापल्लीत अनेक मुलं घरी माडिया, शाळेत मराठी आणि वर इंग्रजी शिकतात. माडिया द्रविड कुळातली, मराठी आर्य कुळातली. तरी दोन्हींत क्रियापद शेवटीच येतं. इंग्रजी या मुलांना पहिल्यांदा वेगळा क्रम दाखवते: कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. ‘आई मोहफुलं वेचते’ याचं ‘मदर पिक्स मोहा फ्लॉवर्स’ होतं.

क्रम बदलला तर काय बिघडतं? ‘राजूने वाघाला पाहिलं’ किंवा ‘वाघाला राजूने पाहिलं’, अर्थ एकच, कारण ‘ने’ आणि ‘ला’ नातं सांगतात. इंग्रजीत ‘राजू सॉ द टायगर’ आणि ‘द टायगर सॉ राजू’ या दोन वेगळ्या घटना आहेत! तिथे विभक्तीचं काम जागा करते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना असे प्रत्यय होते आणि शब्द बरेच मोकळे फिरत. प्रत्यय झिजत गेले, तसा क्रम पक्का झाला. ‘ही’ आणि ‘हिम’ हा फरक त्याच जुन्या व्यवस्थेचा अवशेष. मला हा इतिहास फार सुंदर वाटतो आणि तो मुलांना सांगायलाच हवा.

शब्दयोगी अव्ययांचा क्रमही असाच उलटा. आपण ‘झाडाखाली’ म्हणतो, इंग्रजीत ‘अंडर’ आधी, ‘ट्री’ नंतर.

राज्यात 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. शिक्षकमित्रांनो, व्याख्या पाठ करून घेण्याआधी शब्दांच्या चिठ्ठ्या करा, मुलांना त्यांच्या जागा बदलू द्या आणि अर्थ कसा बदलला ते त्यांनाच माडियात सांगू द्या.