मतभेद माणसाचा की खुर्चीचा?

रायपूरहून बिलासपूरकडे निघालेला महामार्ग शहराची वस्ती मागे टाकतो आणि थोड्याच वेळात सिलतऱ्याची धुराडी दिसू लागतात. छत्तीसगडमधील या औद्योगिक केंद्रात स्पंज आयर्नचे, म्हणजे पोलादासाठी लागणाऱ्या सच्छिद्र लोहाचे, कारखाने आणि रोलिंग मिल यांची दाटी आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि पुढील वर्षांत येथील उद्योगाने वेग घेतला. कारखान्यांमागोमाग बँका आल्या, वाहतूकदार आले आणि विदर्भासह महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून अभियंते, लेखापाल व बँक अधिकारीही येथे नोकरीनिमित्त स्थिरावले.

या कारखान्यांत एक वाद वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. माणसे बदलतात, वाद तोच राहतो. लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट ज्या लांबलचक, संथ फिरणाऱ्या नळकांड्यात तापवतात त्याला किल्न म्हणतात. आत सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमान असते. खनिज वितळत नाही, त्यातील प्राणवायू तेवढा निघून जातो. पण कोळशाची राख आणि खनिजाची भुकटी किल्नच्या आतल्या विटांवर हळूहळू चिकटत जाते, तिचे कडे तयार होते आणि मार्ग अरुंद होतो. हे कडे काढायचे तर किल्न थांबवून थंड करावी लागते, आणि पुन्हा तापवण्यातही वेळ व कोळसा खर्ची पडतो.

आता उत्पादन विभागाचा प्रमुख म्हणतो, महिनाअखेरपर्यंत किल्न चालू द्या, मागणी पुरी करायची आहे. देखभाल विभागाचा प्रमुख म्हणतो, आजच थांबवा, नाहीतर विटा ढासळतील, बाहेरचा पत्रा तापून लाल होईल आणि मग चार दिवसांऐवजी कितीतरी अधिक दिवस काम बंद राहील. पहिल्याला दुसरा भित्रा वाटतो, दुसऱ्याला पहिला बेफिकीर वाटतो. सहा महिन्यांनी या दोघांच्या बदल्या एकमेकांच्या जागी केल्या, तर बहुधा उत्पादनात आलेला देखभालवाला किल्न चालू ठेवण्याचा आग्रह धरेल आणि देखभालीत गेलेला उत्पादनवाला ती थांबवायला सांगेल.

कार्यालयातील ज्या सहकाऱ्याला आपण ‘कठीण माणूस’ म्हणतो, त्याच्याबाबत सर्वप्रथम हीच परीक्षा घ्यावयास हवी. त्या खुर्चीवर दुसरा कोणी बसला असता, तर त्याने हेच म्हटले असते काय? उत्तर होकारार्थी असेल तर आपला मतभेद त्या खुर्चीशी आहे. एकाच निर्णयातील दोन जोखमी संस्थेने मुद्दाम दोन व्यक्तींकडे सोपविलेल्या असतात, आणि त्या दोघांचे सदैव एकमत होऊ लागले तर त्यांपैकी एकजण आपले काम करीत नाही, असेच समजावे लागेल.

बँकेच्या कामकाजात ही गोष्ट फार जुन्या काळापासून ओळखलेली आहे. तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असते. एकाच्या किल्लीने ती उघडत नाही. आदल्या सायंकाळी या दोघांत कितीही खटका उडालेला असो, सकाळी व्यवहार सुरू होण्यापूर्वी दोघांना शेजारी उभे राहून आपापली किल्ली लावावीच लागते, रोकड मोजावी लागते आणि नोंदवहीत दोघांच्या सह्या व्हाव्या लागतात. त्यासाठी मैत्रीची अट नाही. किंबहुना दोघांची गट्टी जरा कमीच असावी, असा विचार ही पद्धत घालून देणाऱ्यांच्या मनात डोकावला असल्यास नवल नाही.

कर्जप्रस्तावाचेही तसेच आहे. व्यवसायवाढीची जबाबदारी असलेला अधिकारी ग्राहकाची उमेद पाहतो, छाननी करणारा अधिकारी त्याच्या ताळेबंदातील येणी व न खपलेला माल पाहतो. सिलतऱ्यातील एखाद्या कारखान्याची किल्न महिनाभर बंद राहिली की कॅश क्रेडिट खात्यातील उलाढाल मंदावते आणि या दोघांत खडाजंगी होते. ग्राहकाला बाहेरून वाटते की बँकेतील अमुक साहेब चांगले आणि तमुक साहेब आडमुठे. प्रत्यक्षात त्याच ‘आडमुठ्या’ साहेबांच्या प्रश्नांमुळे प्रस्तावातील एखादी उणीव वेळीच दुरुस्त होऊन खाते पुढे सुरळीत चालते. अर्थात प्रत्येक नकारामागे शहाणपण असतेच असे नाही. काही नकार केवळ जबाबदारी टाळण्यासाठी दिलेले असतात. फरक ओळखण्याची खूण साधी आहे: विचारपूर्वक नकार देणारा कारण लिहून देतो, तर जबाबदारी टाळणारा ‘बघू’ म्हणतो आणि कागद टेबलावर ठेवून देतो.

लिहून देणे हा शब्द येथे महत्त्वाचा. तोंडी वादात आवाज, चेहरा, कोण मध्येच बोलले, कोण हसले, या सगळ्याची भर पडते आणि मूळ मुद्दा दिसेनासा होतो. टिपणात या गोष्टींना जागा नसते. ‘माझ्या मते या कारणास्तव हा निर्णय योग्य नाही, तरी अंतिम निर्णय सक्षम अधिकाऱ्यांनी घ्यावा’ अशी दोन ओळींची नोंद केली की मतभेद नोंदला जातो आणि कामही अडत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ११८ नुसार संचालक मंडळाच्या सभेत संमत झालेल्या ठरावाला एखाद्या संचालकाने विरोध केला असेल, तर इतिवृत्तात त्याचे नाव यावे लागते. म्हणजे कायद्यानेही विरोधाला सभ्य व्यवहाराचा भाग मानले आहे. मात्र टिपण आणि तक्रार यांतील अंतर राखले पाहिजे. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याशी एकदाही न बोलता थेट वरिष्ठांना प्रत धाडून ई-मेल लिहिणे, हे मतभेदाची नोंद करणे नव्हे. त्या ई-मेलचे उत्तर पुन्हा आणखी मोठ्या वरिष्ठांच्या नावे येते आणि मूळ मुद्दा आठ दिवसांनी कोणालाच आठवत नाही.

सिलतरा-रायपूर परिसरातील मराठी कर्मचाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक अडचण येते, आणि ती निव्वळ भाषेची आहे. मराठीत ‘तुम्ही’ हे आदराचे संबोधन. हिंदीत ‘तुम’ बरोबरीच्या वा धाकट्या माणसाला चालते. आदरासाठी ‘आप’ हवे. नव्याने आलेला मराठी अधिकारी मनात ‘तुम्ही’ योजतो आणि ओठांतून ‘तुमने रिपोर्ट नहीं भेजा’ असे निघून जाते. ऐकणारा वयाने मोठा असेल तर त्याला ते झोंबते, आणि बोलणाऱ्याला आपण काय केले याचा पत्ताही नसतो. त्यानंतर तो सहकारी प्रत्येक कागदात खोड काढू लागला, तर ‘माणूस कठीण आहे’ हा निष्कर्ष काढण्यास फार वेळ लागत नाही. अशा वेळी जाणत्या स्थानिक सहकाऱ्याने त्याला बाजूला घेऊन हा फरक समजावून सांगितला, तर पुढचे बरेच गैरसमज टळतात.

खुर्चीतला आणि माणसांतला मतभेद कसे एकमेकांत मिसळतात, याचे मराठी वाचकाला सर्वांत परिचित उदाहरण पुण्यातील आहे. रायपूरलाही ते परके नाही. येथील माधवराव सप्रे यांनी लोकमान्य टिळकांच्या गीतारहस्याचा हिंदी अनुवाद केला. टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर दोघेही जुलै १८५६ मध्ये जन्मलेले, वयात अवघ्या काही दिवसांचे अंतर. डेक्कन कॉलेजातील मित्र. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले, आगरकर शिक्षण संपताच त्यात आले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. आगरकर ‘केसरी’चे संपादक, टिळक ‘मराठा’चे. कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये दोघांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले.

पुढे दोन निरनिराळे वाद निर्माण झाले, आणि ते वेगवेगळे करून पाहण्याजोगे आहेत. पहिला वाद विचारांचा. आगरकरांना सामाजिक सुधारणा आधी व्हावी असे वाटे, टिळकांचा भर राजकीय जागृतीवर होता. एका वृत्तपत्रात या दोन भूमिका सामावणे अशक्य झाले, तेव्हा १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी घेतली. त्यानंतर दोन्ही पत्रांतून कडाक्याचे वाद झडले, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर तर अधिकच. पण प्रत्येकाचे पत्र स्वतंत्र, जबाबदारी स्वतंत्र. वाचकाला कोणाचे मत कोणते, हे स्पष्ट दिसत होते.

दुसरा वाद संस्थेच्या आतला आणि वरवर पाहता क्षुल्लक. आजीव सदस्यांनी अल्प वेतनात आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कामे घेऊ नयेत, असा टिळकांचा आग्रह होता. आगरकरांसह इतरांना हा नियम जाचक वाटे. संसार आहे, वेतन तुटपुंजे आहे, फावल्या वेळात मिळवले तर बिघडले कोठे? प्रारंभी सर्वांनी मनोमन मान्य केलेल्या त्यागाचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावला होता. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा हा वाद शिगेला पोहोचला आणि त्या वर्षाच्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले. आपली कारणे त्यांनी सविस्तर लिहून दिली, आणि त्या लेखनात कटुता पुष्कळ आहे.

समाजसुधारणेसारख्या मोठ्या प्रश्नावरचा वाद या दोन मित्रांनी दोन वृत्तपत्रे काढून निभावला. वेतन आणि वेळ यांच्या नियमावरचा वाद मात्र त्यांना निभावता आला नाही, कारण तेथे वाटून घेण्यासारखी दोन ठिकाणे नव्हती. एकच संस्था, एकच सभा, तेच टेबल. आजच्या कार्यालयांतही तत्त्वावरून क्वचितच बोलणे बंद होते. ते बंद होते रजेच्या पाळीवरून, खिडकीजवळच्या जागेवरून, ओव्हरटाइमवरून, कोणी कोणाचे काम करायचे यावरून. या बाबी क्षुल्लक म्हणून कोणी लिहून ठेवत नाही आणि म्हणूनच त्या चिघळतात. शाखा व्यवस्थापकाने मे महिन्याच्या रजांचा तक्ता फेब्रुवारीत फलकावर लावला, तर अर्धे ‘स्वभावदोष’ मार्चपर्यंत नाहीसे झालेले दिसतात.

१७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. वय अवघे ३८; फर्ग्युसनचे प्राचार्यपद त्यांच्याकडे होते. ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनी लिहिला आणि मृत्यूसमोर मतभेद लहान वाटू लागतात अशा आशयाचे भाव त्यात व्यक्त केले. तोवर सोसायटीतून बाहेर पडून त्यांना साडेचार वर्षे झाली होती.

या सर्व विवेचनाला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. अपमान, धमकी, जातीवरून टोमणे, स्त्री कर्मचाऱ्यास उद्देशून केलेली अश्लील शेरेबाजी यांना मतभेद म्हणता येत नाही. तेथे समजुतीचा सल्ला देणारे सहकारी नकळत अन्यायालाच हातभार लावतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावयाची असते आणि सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. कारखाना असो वा बँकेची शाखा, समितीच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावलेली असावीत; ती नसतील तर विचारणा करण्यात संकोच बाळगू नये.

उरतो तो खरोखरच कठीण असलेला सहकारी, ज्याच्या खुर्चीवर दुसरा कोणी बसला असता तर असे वागला नसता. त्याला बदलण्याचा प्रयत्न सहसा व्यर्थ जातो. त्याच्याशी होणारा संबंध कामापुरता, वेळेवर आणि लेखी ठेवणे एवढे आपल्या हाती असते. बोलायचे तर एकांतात, आणि एका वेळी एकाच प्रसंगाविषयी. ‘तुम्ही नेहमीच असे करता’ या वाक्याला कोणीही कधी समाधानकारक उत्तर दिलेले नाही. बँकेत बदल्या ठरावीक काळाने होतच असतात. पदभार सोपवताना प्रलंबित बाबींची यादी करावी लागते, आणि ज्या प्रकरणावरून दोघांत वाद झाला तेही त्या यादीत असते. तेथे आपले मत जितक्या स्वच्छपणे लिहायचे, तितक्याच स्वच्छपणे त्याचेही लिहावे. नव्याने येणाऱ्या अधिकाऱ्याला ते प्रकरण तेवढ्यावरूनच पुढे चालवायचे असते.