जुनी गढी विकत घेताना

जुनी गढी, भोवती जमीन आणि त्या जमिनीत द्राक्षांचा मळा, असे चित्र पुष्कळांच्या मनात असते. फ्रान्समध्ये अशा गढ्यांची खरेदी-विक्री चालते. पण तेथेही शेतजमीन हवी तशी विकता येत नाही. 1960 च्या कायद्याने निघालेल्या भूसंस्थांना ती आधी घेण्याचा हक्क आहे. हे चित्र अक्कलकुव्याच्या भूमीवर मांडून पाहू.

येथील जुने वैभव मेवासी संस्थानांचे. काठीची राजवाडी होळी आजही पहाटे पेटते. परंतु या इस्टेटींचे मालकी हक्क 1961 च्या विनियमाने नाहीसे झाले. तेव्हा ‘ही आमच्या वाडवडिलांची दौलत’ असे कोणी म्हणाले, तर ती जमीन त्याच्या नावे कोणत्या हक्काने राहिली, हे आधी विचारावे. नुसता सातबारा पाहून भागत नाही, जुने फेरफार काढावे लागतात. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासींच्या हातून बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदाच करावा लागला. कर्जाच्या कागदावर अंगठा उमटला आणि शेत गेले, अशा कहाण्या त्यामागे आहेत. आता आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तीही राज्य शासनाच्या पूर्वमान्यतेने. ही अडचण कोणाला जाचक वाटेल. आम्हाला ती न्याय्य वाटते. शिवाय जो शेतकरी नाही, त्याला शेतजमीन घेण्यास कूळकायद्याची आडकाठी आहेच.

समजा, विकणारा व घेणारा दोघेही पात्र निघाले. मग भिंतींकडे वळावे. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नये. ओल आत कोंडते व दगड झिजतो. चुना मळणारा गवंडी शोधावा, तो महाग पडला तरी. सागाच्या तुळयांची टोके भिंतीत शिरतात तेथे टोचून पाहावे. वाळवी तेथेच बसते.

राहिला मळा. द्राक्षांचे नाशिकला शोभते. येथे मोहाची झाडे आहेत आणि फाल्गुन-चैत्रात पहाटे टोपल्या घेऊन बायका-मुले फुले वेचायला येतात. अमुक झाड अमक्या घराचे, हे गाव जाणते. सातबारा सगळेच सांगत नाही. नव्या मालकाने कुंपण घालण्यापूर्वी एक चैत्र तेथे राहून पाहावा.