चिमटीत येणारी चरबी

बसल्या जागी पोटाची वळी चिमटीत धरून पाहा. बोटांत येते ती त्वचेखालची चरबी. तिच्या आत स्नायूंची भिंत आणि भिंतीपलीकडे आतड्यांभोवती साठलेली दुसरी चरबी. ती चिमटीत कधीच येत नाही. शस्त्र न लावता पोट उतरवून देण्याच्या जाहिराती वाचताना हा भेद पक्का ध्यानात हवा, म्हणून तो आधीच सांगितला.

अशा एका उपचारात वापरतात ते आपल्या कानांना ऐकू न येणारे ध्वनी, सेकंदाला सुमारे 20 लाख कंपनांचे. सोनोग्राफीही अशाच लहरींवर चालते, पण तिथे त्या सौम्य असतात. इथे बशीसारख्या खोलगट पृष्ठभागावरून निघालेल्या जोरकस लहरी एका ठिपक्यावर आणतात. त्वचेतून जाताना त्या विखुरलेल्या असतात, म्हणून त्वचा भाजत नाही. सुमारे 1.3 सेंटिमीटर खोलवर त्या एकवटतात, तिथले तापमान क्षणात 55 अंश सेल्सियसच्या वर जाते आणि ठिपक्यातल्या चरबीच्या पेशी मरतात. म्हणूनच वळी पुरेशी जाड नसेल, तर हा उपचार करत नाहीत. ठिपका स्नायूवर पडणे परवडणारे नाही. पोटावर पेनाने चौकटी आखून यंत्र एकेका चौकटीवर टेकवत जातात. तासाभराचे काम. टोचल्यासारखे दुखते, नंतर काही दिवस जागा ठणकते, काळीनिळी पडते.

ही कल्पना मात्र सडपातळ दिसण्याच्या हौसेतून जन्मलेली नाही. 1942 मध्ये अमेरिकेत जॉन लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवटलेल्या ध्वनीने ऊतींना आतल्या आत इजा करता येते, हे दाखवले. पुढच्या दशकात इलिनॉयच्या फ्राय बंधूंनी तोच ध्वनी मेंदूच्या खोल भागांपर्यंत पोहोचवला. हातांचा कंप थांबवण्यासाठी मेंदूवर तो वापरायला अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली. मला या तंत्राचे खरे मोठेपण तिथे दिसते. पोटाच्या चरबीसाठीचे ‘लायपोसॉनिक्स’ यंत्र अमेरिकेत 2011 मध्येच मान्य झाले होते.

मेलेल्या पेशी लगेच नाहीशा होत नाहीत. शरीरातल्या भक्षक पेशी त्या सावकाश गिळतात. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. आणि फरक किती? 180 जणांवरच्या एका चाचणीत 12 आठवड्यांनी कंबर सुमारे अडीच सेंटिमीटरने उतरली. पण ज्यांच्यावर यंत्र केवळ देखाव्यापुरते फिरवले, त्यांचीही सव्वा सेंटिमीटरच्या आसपास उतरली होती! उरलेल्या पेशी वजन वाढले की पुन्हा फुगतात, हे वेगळेच.

मधुमेहाच्या भीतीने कोणी या यंत्राकडे वळत असेल, तर त्याला थांबवावेसे वाटते. 2004 मध्ये अमेरिकेत 15 लठ्ठ स्त्रियांची सुमारे 10 किलो चरबी त्वचेखालून शोषून काढली, तरी त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नाही. चिमटीत न येणारी चरबी आत तशीच होती. आणि शरीरात चरबी किती, हे बाहेरून दिसतेच असेही नाही. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे छायाचित्र छापून आले, पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, एकच, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के निघाली, याज्ञिकांच्या शरीरात 21.2. छायाचित्रात दोघेही सडपातळच दिसतात.