परदेशात अध्यापनासाठी पोलीस प्रमाणपत्र

महाराष्ट्रातील अनेक शिक्षक आज परदेशातील शाळांमध्ये नोकरी मिळविण्यासाठी प्रयत्नशील आहेत. आखाती देशांतील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा असोत की ब्रिटनमधील माध्यमिक शाळा, चांगल्या शिक्षकास तेथे वाव आहे. पदवी, बी. एड. आणि अनुभव यांची कागदपत्रे उमेदवाराजवळ असतात. मुलाखतही समाधानकारक होते. तथापि, प्रत्यक्ष रुजू होण्यापूर्वी आणखी एक कागद मागितला जातो, तो म्हणजे पोलिसांच्या दप्तरी उमेदवाराविरुद्ध काही नोंद नसल्याचे प्रमाणपत्र. ज्याने वर्षानुवर्षे निष्ठेने विद्यादान केले, त्यास ही मागणी काहीशी अपमानास्पद वाटते. परंतु तिच्यामागील कारण ध्यानी घेतले, म्हणजे हा गैरसमज दूर होतो.

मागणीचे मूळ

ऑगस्ट २००२ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यातील सोहम या गावी दहा वर्षांच्या दोन मुलींची हत्या झाली. या प्रकरणी दोषी ठरलेला इसम गावातील माध्यमिक शाळेचा रखवालदार होता. पूर्वी अन्य परगण्यात राहत असताना त्याच्याविरुद्ध गंभीर स्वरूपाच्या तक्रारी तेथील पोलिसांकडे आल्या होत्या. मात्र नोकरीपूर्वीच्या तपासणीत त्यांतील एकही शाळेपर्यंत पोहोचली नाही. या प्रकरणाच्या चौकशीचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर २००६ मध्ये मुलांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि डिसेंबर २०१२ पासून अशा तपासणीचे काम ‘डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस’ या यंत्रणेकडे आले.

ही यंत्रणा ब्रिटनमधील नोंदी पाहू शकते. परंतु सांगली वा चंद्रपूर येथील पोलीस ठाण्याच्या दप्तरात काय आहे, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. म्हणूनच उमेदवाराने आपल्या देशाचे प्रमाणपत्र आणावे, असा नियम तेथे आहे. एका परगण्यातील माहिती दुसऱ्या परगण्यात न पोहोचल्याने जे घडले, ते दोन देशांच्या बाबतीत घडू नये, हा त्यामागील हेतू होय.

दाखले दोन, उपयोग निराळे

येथे बहुतेकांची गल्लत होते. पोलीस आयुक्तालय किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक यांच्या कार्यालयाकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला मुख्यतः देशांतर्गत नोकरीसाठी असतो. परदेशासाठी लागणारे ‘पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट’, अर्थात पी. सी. सी., हे पारपत्र कार्यालय देते. पहिला दाखला परदेशी शाळेकडे पाठवून निश्चिंत राहिलेल्या उमेदवाराचा तो कागद नाकारला जातो आणि तोवर शाळेचे सत्र सुरू होण्याची तारीख जवळ आलेली असते. यास्तव शाळेने अथवा वकिलातीने नेमके कोणते प्रमाणपत्र मागितले आहे, हे प्रथम पाहावे.

अर्जाची रीत

पी. सी. सी.साठी पारपत्र सेवा संकेतस्थळावर नोंदणी करून अर्ज भरावा लागतो. त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. शुल्क भरल्यावर भेटीची तारीख घेऊन अर्जदाराने मूळ कागदपत्रांसह स्वतः केंद्रावर उपस्थित राहावयाचे असते. सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयातील पारपत्र सेवा केंद्रांतही ही सोय उपलब्ध झाल्याने लहान शहरांतील अर्जदारांची मोठ्या शहरापर्यंतची खेप वाचू शकते. मूळ पारपत्र, त्याच्या आवश्यक पृष्ठांच्या प्रती, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि परदेशी नोकरीसंबंधीचा कागद सोबत ठेवावा. हे प्रमाणपत्र विशिष्ट देशासाठी दिले जाते. ओमानसाठी घेतलेले प्रमाणपत्र ब्रिटनसाठी चालेल, असे गृहीत धरू नये.

विलंबाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पत्ता. समजा, एखाद्या शिक्षिकेचे पारपत्र माहेरच्या पत्त्यावर, सातारा जिल्ह्यातील गावी काढलेले आहे. विवाहानंतर ती पुण्यात भाड्याच्या घरात राहते आणि पदवी प्रमाणपत्रावर तिचे पूर्वीचे नाव आहे. अशा वेळी राहत्या पत्त्यावर पोलिसांची पडताळणी नव्याने व्हावी लागते आणि नावातील फरकासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो. हे सर्व मुलाखतीनंतर करू लागल्यास वेळ अपुरा पडतो. नोकरीचा विचार मनात येताच पारपत्रावरील नाव व पत्ता तपासून घेणे श्रेयस्कर.

पोलीस पडताळणीच्या वेळी कर्मचारी घरी येतो किंवा अर्जदारास ठाण्यात बोलावले जाते. यासाठी त्यास कोणतीही रक्कम द्यावी लागत नाही. कोणी पैशांची मागणी केल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. एखादे जुने प्रकरण असल्यास ते लपवू नये. न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली असेल, तर त्या निकालाची प्रमाणित प्रत जवळ ठेवावी. पडताळणीत उघडकीस आलेली लपवाछपवी मूळ प्रकरणाहून अधिक घातक ठरते.

अन्य देशांतील वास्तव्य

ज्यांनी पूर्वी परदेशात काम केले आहे, त्यांना केवळ भारताचे प्रमाणपत्र पुरत नाही. ब्रिटनच्या नियमानुसार शिक्षकी पेशासाठी व्हिसा मागणाऱ्याने गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात बारा महिने वा अधिक वास्तव्य केले, त्या प्रत्येक देशाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. कॅनडा स्थलांतराच्या अर्जासाठी हीच मर्यादा सलग सहा महिन्यांची धरतो. मस्कतमधील नोकरी सोडून परतलेल्या शिक्षकास ओमानचा दाखला भारतात बसून मिळविणे जिकिरीचे होते. तो तेथून निघण्यापूर्वीच घेणे शहाणपणाचे. परदेशात राहणाऱ्या भारतीयांना भारताचे प्रमाणपत्र तेथील भारतीय वकिलातीमार्फत मिळू शकते.

अपोस्टिलची मोहोर

काही देश या प्रमाणपत्रावर अपोस्टिल मागतात. कागदावरील सही व शिक्का खरा असल्याची ती आंतरराष्ट्रीय ग्वाही होय. भारतात हा करार जुलै २००५ पासून अमलात आला असून परराष्ट्र मंत्रालय ही मोहोर देते. जे देश करारात सामील नाहीत, त्यांच्यासाठी मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या वकिलातीचेही साक्षांकन घ्यावे लागते. सौदी अरेबियात हा करार डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, त्यामुळे तेथे जाऊन आलेल्यांचा जुना अनुभव आता उपयोगी पडेलच असे नाही. प्रत्येकाने चालू नियम पाहूनच पाऊल उचलावे. ‘सर्व कागद करून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाच्या हाती मूळ पारपत्र सोपविण्यापूर्वी तो केंद्र शासनाकडे नोंदणीकृत आहे काय, याची ई-मायग्रेट संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

आपल्या गावातील पालक शिक्षकाला ओळखतात. त्याचे घराणे, त्याचे वागणे त्यांना ठाऊक असते. म्हणून ते निर्धास्तपणे आपले मूल त्याच्या स्वाधीन करतात. दूरदेशीच्या पालकांना ही ओळख नसते. तेथे पोलिसांचे हे प्रमाणपत्र त्या ओळखीची उणीव काही अंशी भरून काढते. ते वेळेवर आणि सरळ मार्गाने मिळविणाऱ्या शिक्षकाबद्दल तेथील पालकांच्या मनात विश्वासाची पहिली पायरी तयार होते.